एक्केचाळीस नंबरची दोन पिल्लं

एव्हलिना जेफ्ताला खुर्चीत बसलेलं व्हिटक्लिप गावात फार थोड्या लोकांनी पाहिलं आहे. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकाच्या टोकाला नुसती टेकते, आणि प्रवचन लांबलं की उठून खिडकीशी जाऊन उभी राहते, कारण तिथून समुद्र दिसतो. पाद्रीबाबा एकदा वैतागून म्हणाले होते, "तान्नी एव्हलिना, देव या बाजूला आहे, तुम्ही त्या बाजूला काय बघता?" बाईंनी उत्तर दिलं, "देव कुठे जात नाही, पाद्रीबाबा. माझ्या पक्ष्यांचं तसं नाही."

तान्नी म्हणजे मावशी. आमच्या किनाऱ्यावर पन्नाशी ओलांडलेली प्रत्येक बाई अख्ख्या गावाची तान्नी असते, मग तिची इच्छा असो वा नसो. एव्हलिनाची इच्छा कोणी विचारलीच नाही. विचारायला ती एका जागी थांबायला तर हवी.

बावीस वर्षं ती इथल्या पेंग्विनच्या अभयारण्यात कामाला आहे. त्याआधी मासळीच्या कारखान्यात डबे भरायची. तिथेही उभं राहूनच. सकाळी सातला काठीच्या टोकाला आरसा बांधून ती निघते. झुडपांत पक्ष्यांसाठी ठेवलेली लाकडी खोकी आहेत, प्रत्येकावर नंबर. पक्ष्याला न उठवता आरसा आत सरकवायचा, अंडी किती, पिल्लं किती, आईबापांपैकी कोण घरी आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. दिवसभर फळ्यांच्या वाटेवरून पर्यटक येतात, त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. संध्याकाळी जुन्या धक्क्याच्या उतारावर उभं राहायचं आणि समुद्रातून परतणारे पक्षी मोजायचे. हे शेवटचं काम तिला कोणी सांगितलेलं नाही. पगारातही ते धरलेलं नाही. पण तेवढं केल्याशिवाय तिला घरी जेवण जात नाही.

पक्ष्यांना नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे. एव्हलिनाने तो वाचला आहे. चर्चच्या गायनवृंदातल्या सगळ्या बायकांची नावं तिने पेंग्विनना दिली आहेत. बायकांना हे ठाऊक आहे, पण त्या रागावत नाहीत, कारण रागावलं तर पुढच्या हंगामात आपलं नाव अंडी चोरणाऱ्या एखाद्या सीगलला मिळेल ही भीती आहे. शिवाय पेंग्विनचं ओरडणं म्हणजे थेट गाढवाचं ओरडणं, तेव्हा उपमा अगदीच चुकीची आहे असंही कोणाला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

एक्केचाळीस नंबरच्या खोक्यातल्या मादीचं नाव डॉर्की. छातीवर तीन ठिपके एका ओळीत आणि चौथा जरा बाजूला, घेवड्याच्या दाण्याएवढा. गायनवृंदातली डॉर्की व्हॅलेंटाइन पहिलं गाणं संपल्यावर धापा टाकत येते आणि मग सगळ्यांच्या वरताण गाते. ही डॉर्की तशीच. बाकीचे पक्षी पाच-साडेपाचला पाण्याबाहेर पडून, अंग झटकून, ओळीने वर चढायचे. ही सगळ्यांच्या शेवटी, एकटी, अंधारायला आलं की यायची. पण यायची. नऊ वर्षांत ती आली नाही असं कधी झालं नव्हतं. यंदा ऑक्टोबरात तिचा जोडीदार समुद्रात गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून दोन पिल्लांना ती एकटीच भरवत होती.

नोव्हेंबरचा शेवट हा आमच्याकडे वाईट काळ. मोठ्या पक्ष्यांची पिसं बदलायची वेळ येते. जुनी झडतात, नवी येतात, आणि तोवर तीन आठवडे पक्ष्याला पाण्यात जाता येत नाही. थंडीने मरेल. मग तो कुठेतरी आडोशाला उपाशी उभा राहतो. ज्यांची पिल्लं उशिरा जन्मली त्यांची पंचाईत होते, कारण पिल्लू अजून खोक्यात असतं आणि आईला आतून हाक आलेली असते. ती पिल्लाला सोडते. म्हणून दरवर्षी या दिवसांत शहराजवळच्या शुश्रूषा केंद्राची गाडी येते, वाळलेली पिल्लं उचलून नेते, मासे भरवून वाढवते आणि दोन-तीन महिन्यांनी आणून याच किनाऱ्यावर सोडते.

यंदा गाडी मंगळवारी यायची होती. ज्या खोक्यात दोन दिवस आई फिरकलेली नाही त्यावर लाल दोरा बांधायचा, हे काम एव्हलिनाचं. तिने सतरा खोक्यांना दोरे बांधले. एक्केचाळीस नंबरपाशी ती आली तेव्हा दोरा हातात होता. डॉर्कीला शेवटचं पाहिलं होतं शनिवारी संध्याकाळी. रविवार गेला, सोमवार गेला. नियमाने दोन दिवस भरले होते.

तिने आरसा आत घातला. थोरलं पिल्लू आरशावर चोच मारायला धावलं. धाकटं मागे पोटावर पडून नुसतं बघत होतं.

एव्हलिनाने दोरा खिशात टाकला. मग खाली वाकून सुकलेल्या समुद्रशेवाळाचा एक भारा ओढला आणि खोक्याच्या तोंडावर टाकला. त्यावर एक तुटकी फांदी ठेवली.

अभयारण्याचा व्यवस्थापक मनेलिसी हा तिच्या मुलाच्या वयाचा. पोरगा हुशार, कागदपत्रांत चोख. गाडीत पिंजरे चढवताना त्याने यादीवरून बोट फिरवत विचारलं, "तान्नी, एक्केचाळीस? परवा तुमच्या वहीत दोन पिल्लं होती."

"गेली ती," एव्हलिना म्हणाली.

"गेली म्हणजे?"

"मोठी होऊन समुद्रात गेली. पिल्लं दुसरीकडे कुठे जातात?"

मनेलिसीने यादीवर काट मारली. बावीस वर्षांत एव्हलिनाच्या तोंडून कामातलं खोटं निघालं नव्हतं, म्हणून त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हेच तिला जास्त लागलं.

गाडी गेली आणि तिच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच.

ती संध्याकाळी साडेचारलाच धक्क्यावर जाऊन उभी राहिली. आग्नेयेचा वारा सुटला होता. हा वारा सुटला की तीन दिवस थांबत नाही, छपरं वाजवतो आणि माणसांची डोकी फिरवतो. पक्षी येत होते. एक लाट पाच आणायची, दुसरी बारा. एव्हलिना प्रत्येकाची छाती बघायची. ठिपके दोन. ठिपके सहा. ठिपके नाहीतच. साडेपाच झाले, सहा झाले, सात झाले. डॉर्कीची वेळ आली आणि टळली. एव्हलिना अंधार पडेपर्यंत थांबली, घराच्या वाटेला लागली, कुंपणापासून परत फिरली, पुन्हा पाच मिनिटं उभी राहिली आणि मग गेली.

बुधवारी तिने एक्केचाळीस नंबरला सकाळपासून सात खेपा घातल्या. दुपारी तर नियम धाब्यावर बसवून घरून एक सार्डिन आणली, तिचे बारीक तुकडे केले आणि थोरल्याच्या चोचीशी धरले. पिल्लाला मेलेला मासा म्हणजे काय ते कुठे माहीत असायला? ते फक्त आईच्या घशातून आलेलं खातं. त्याने तुकडा झटकून टाकला आणि एव्हलिनाचं बोट धरलं. धाकट्याने तोंडच उघडलं नाही.

ती हात पुसत फळ्यांच्या वाटेवर आली तर एक पर्यटक बाई तिची वाटच बघत होती. डोक्यावर मोठी हॅट, ती दोन्ही हातांनी धरलेली.

"तुम्ही इथल्याच ना? तिकडे स्वच्छतागृहाच्या मागे एक पक्षी आजारी आहे. बिचाऱ्याची पिसं गळतायत. फुगलाय केवढा."

नोव्हेंबरात हे वाक्य दिवसाला वीस वेळा ऐकावं लागतं. एव्हलिनाचं उत्तर ठरलेलं होतं. "आजारी नाही, बाई. कपडे बदलतेय. आपण तिकडे बघू नये."

बाई हसली. एव्हलिनाही सवयीने हसली आणि धक्क्याकडे निघाली. पाणी बघायला.

संध्याकाळी डॉर्की आली नाही. घरी एव्हलिनाने स्नूक मासा तळला आणि करपवला. तिचा नवरा फ्लोरिस जन्मभर होडीवर होता, आता गुडघ्यांमुळे घरी असतो आणि घरात काय चाललंय ते त्याला पूर्वी कधी दिसलं नाही तेवढं दिसतं.

"एवी," तो म्हणाला, "तो कप तू तिसऱ्यांदा धुतेस."

"डाग आहे."

"डाग नाही, ते फूल आहे. तुझ्या बहिणीने दिलेला सेट आहे तो. ये, बस इथे."

ती बसली नाही. ओट्याला टेकून तिने त्याला सगळं सांगितलं. फ्लोरिसने माशाचा करपलेला भाग बाजूला काढत ऐकून घेतलं.

"म्हणजे लपवलीस तू पिल्लं."

"झाकली. वारा आहे."

"गाडी गेल्यावर काढलंस का ते झाकण?"

तिने कप पुन्हा नळाखाली धरला. मग म्हणाली, "ती येईल. नेहमी उशिरा येते ती. तुला माहीत नाही, मला माहीत आहे."

"मला तुझ्याबद्दल माहीत आहे," फ्लोरिस म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत आली नाही तर मनेलिसीला फोन कर. नाहीतर मी करेन."

"करून तर बघ."

फ्लोरिसने ताट तिच्याकडे सरकवलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि ती कुठल्या डॉर्कीची वाट बघते आहे हे त्याला कळत होतं.

एव्हलिना सहा वर्षांची असताना तिची आई लेनी वरच्या किनाऱ्यावरच्या मासळीच्या कारखान्यात हंगामाला गेली होती. शेजारणीकडे पोर ठेवलं आणि सांगितलं, रविवारी येते. रविवारी वारा होता, रस्त्यावर वाळू आली, बस निघाली नाही. सोमवारी एक सरकारी बाई पांढऱ्या गाडीतून गावात आली. शेजारणीच्या घरी आधीच सात तोंडं. तिने सांगितलं की या पोरीची आई गेली, आलीच नाही. बाईने कागदावर लिहिलं आणि एव्हलिनाला गाडीत बसवलं. गाडीची सीट गरम होती आणि पायांना चिकटत होती, एवढं तिला अजून आठवतं. मंगळवारी संध्याकाळी लेनी आली. घरात पोरीचं पांघरूण होतं, पोरगी नव्हती. कुठे नेली, ते शेजारणीला सांगता आलं नाही. त्या काळात, गोऱ्यांच्या राज्यात, लेनीसारख्या गोऱ्या नसलेल्या बाईने कचेरीच्या खिडकीशी उभं राहून काही विचारलं तर खिडकी बंद व्हायची. लेनी नऊ वर्षं खिडक्या हिंडली. शेवटी पोरगी सापडली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि समोर उभ्या राहिलेल्या बाईला काय म्हणायचं ते तिला सुचेना.

लेनी मरेपर्यंत त्याबद्दल एवढंच बोलायची. दोनच दिवस उशीर झाला गं.

एव्हलिनाला लाल दोरा बांधता आला नाही तो यामुळे. गाडीतून येणाऱ्या माणसांचा हेतू वाईट नसतो हे तिला कळत होतं. तो तिला उचलून नेणाऱ्या बाईचाही नसेल. पण त्यांना दोन दिवस थांबता येत नाही, आणि मागाहून जी येते तिला कोणी काही सांगत नाही. निदान एका आईला तरी दोन दिवस जास्त मिळू देत, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

गुरुवारी उजाडताच ती गेली. शेवाळाचा भारा दूर केला, आरसा न लावता गुडघ्यांवर बसून आत हात घातला. थोरल्याने चोच मारली, पण त्यात जोर नव्हता. धाकटं भिंतीला लागून होतं. हाताला गार लागलं.

तिने ते बाहेर काढलं. मुठीत मावेल एवढंच राहिलं होतं, सगळी लव आणि आत काड्या. तिने ते अंगातल्या स्वेटरच्या खिशात ठेवलं, कारण दुसरं कुठे ठेवावं ते तिला सुचलं नाही. थोरल्याला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं आणि ती कचेरीकडे चालू लागली. अर्ध्या वाटेत, स्वच्छतागृहाच्या मागे, ती थांबली. बावीस वर्षांत कामावर कधी बसली नाही ती बाई तिथल्या सिमेंटच्या पायरीवर मटकन बसली.

बसल्यावर माणसाचे डोळे पेंग्विनच्या उंचीला येतात. समोर झुडपाखाली एक पक्षी उभा होता. फुगलेला, मानेभोवतीची पिसं उचकटलेली, फाटक्या गादीतून कापूस निघावा तशी. पायाशी पिसांचा थर. तीन-चार दिवसांत एवढा थर होत नाही, म्हणजे पक्षी शनिवारपासून तरी इथे होता. छातीवर तीन ठिपके एका ओळीत. चौथा घेवड्याचा दाणा, अर्धा गळलेला.

डॉर्की समुद्रात नव्हतीच. ती घरीच होती, स्वतःच्या खोक्यापासून चाळीस पावलांवर. एव्हलिना रोज तिच्या पाठीमागून जाऊन पाणी बघत होती.

एव्हलिनाच्या छातीशी पिल्लू बारीक ओरडलं. डॉर्कीने मान वळवून त्या आवाजाकडे पाहिलं. पाहिलं, आणि जागची हलली नाही. तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं. ती स्वतःच पाच दिवसांची उपाशी होती आणि अजून पंधरा दिवस तिला तसंच उभं राहायचं होतं.

एव्हलिना तिला वाईटसाईट बोलणार होती. शब्द ओठांवर आले होते. मग तिला उमगलं की ज्याला बोलायचं तो पक्षी नव्हे. रडू फुटलं तेही रागाचंच होतं, आणि तो सगळा स्वतःवरचा होता. काल हॅटवाली बाई तोंडावर सांगून गेली होती. तिने ऐकलं असतं, चाळीस पावलं चालली असती, तर खिशातलं खिशात नसतं.

फ्लोरिसने जुनी व्हॅन काढली. टोमॅटोच्या खोक्यात टॉवेल घालून पिल्लू मांडीवर घेऊन एव्हलिना पुढे बसली. केंद्र दीड तासावर. गाव मागे पडल्यावर तिने फोन लावला.

"मनेलिसी, मी खोटं बोलले. एक्केचाळीस रिकामं नव्हतं. मी झाकून ठेवलं होतं. धाकटं गेलं. थोरलं माझ्याजवळ आहे, केंद्रात नेतेय."

"तान्नी, तुम्ही?" मनेलिसी म्हणाला.

"हो, मीच."

"मी डोळे मिटून काट मारली. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"माहीत आहे."

"आधी ते पिल्लू पोचवा. काय ओरडायचं ते मी मग ओरडतो." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "सोमवारपासून तुम्ही तिकिटाच्या खिडकीत. हंगाम संपेपर्यंत. खोक्यांकडे जायचं नाही."

तिकिटाच्या खिडकीत एक खुर्ची असते आणि तिथून समुद्र दिसत नाही. एव्हलिनाने "बरं" म्हटलं.

फ्लोरिसने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "काय म्हणाला?"

"खुर्चीत बसवतोय मला."

"अरे बापरे," फ्लोरिस म्हणाला. "फाशी दिली असती तर बरं होतं." ती हसली नाही. त्यानेही तशी अपेक्षा केली नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला होता.

केंद्रात रुवायदा नावाची तरुण मुलगी होती, डोक्याला रुमाल, हातात कोपरापर्यंत मोजे. तिने पिल्लू उचलून तराजूवर ठेवलं, डोक्याची लांबी मोजली, डोळ्यांच्या कडा बघितल्या. तिचा चेहरा काही सांगत नव्हता. मग तिने कागद पुढे ओढला.

"खोकं नंबर?"

"एक्केचाळीस. व्हिटक्लिप."

"शेवटचं कधी जेवलं?"

"शनिवारी संध्याकाळी."

रुवायदाचं पेन थांबलं. "मंगळवारी आमची गाडी आली होती ना तुमच्याकडे? मीच होते गाडीवर. हे राहिलं कसं?"

"मी लपवलं." या वेळी तिने झाकलं म्हटलं नाही.

मुलीने पेन खाली ठेवलं. "तान्नी, तुम्ही लपवलंत? आमच्यापासून? का?"

फ्लोरिस दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता, त्याने खाली पाहिलं. एव्हलिनाला पुष्कळ सांगता आलं असतं. वारा, डॉर्कीची उशिरा यायची सवय, नऊ वर्षांचा भरवसा. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"माझी आई आली होती," ती म्हणाली. "दोन दिवस उशिरा. पण आली होती."

रुवायदाला त्यातलं काय कळलं कोणास ठाऊक. कागदावरची कारणाची ओळ तिने रिकामी सोडली, नळी आणि गुलाबी पातळ लगदा भरलेली पिचकारी आणली आणि म्हणाली, "धरता का? एकटीने धरवत नाही मला. मान सरळ ठेवा."

एव्हलिनाने मान सरळ धरली. लगदा उतरताना पिल्लाच्या गळ्याची हालचाल तिच्या बोटांना जाणवली. पिचकारी संपली तेव्हा त्याने तिच्या मनगटाला चोच मारली, या वेळी लागेल अशी.

"जगेल का गं?"

"आज जेवलं," रुवायदा म्हणाली. "उद्याचं उद्या फोन करा. तुमचा नंबर लिहून ठेवते. फेब्रुवारीत सोडायला आणू तेव्हा कळवू, तुमच्याच किनाऱ्यावर."

ते परत पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. धाकट्याला त्यांनी कुंपणाजवळ पुरलं. खड्डा फ्लोरिसने गुडघ्यांची तक्रार न करता खणला. मग तो म्हणाला, "चल घरी." ती म्हणाली, "तू हो पुढे." तो समजून गेला की ती धक्क्यावर जाणार.

पक्षी येऊ लागले होते. उतारावर पाण्यातून वर चढणाऱ्यांचा गलका चालला होता, गाढवांचा बाजार भरावा तसा. एव्हलिना धक्क्यापर्यंत गेली, आणि गेली बावीस वर्षं जिथे उभी राहायची तिथे न थांबता वळली. समुद्राकडे पाठ करून ती स्वच्छतागृहाच्या मागे आली आणि सकाळच्या त्या पायरीवर बसली.

डॉर्की तिथेच होती. वाऱ्याने तिची पिसं एकेक सुटत होती आणि एव्हलिनाच्या स्वेटरला येऊन चिकटत होती. दोघींत चार हातांचं अंतर होतं. एव्हलिनाने घसा साफ केला. आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं, कारण पेंग्विनशी बोलणारी बाई म्हणून नाव व्हायचं राहिलंच होतं.

"थोरलं तिकडे केंद्रात आहे," ती म्हणाली. "शहराच्या अलीकडे, दीड तास लागतो. रुवायदा म्हणून मुलगी आहे, हात हलका आहे तिचा. दुपारी जेवलं ते. मी धरलं होतं."

डॉर्कीने मान तिरकी केली.

"धाकटं राहिलं नाही. ते माझ्यामुळे गेलं, तुझ्यामुळे नाही. कुंपणाशी पुरलंय, तिसऱ्या खांबाजवळ."

मंगळवारच्या त्या संध्याकाळी लेनी दारात पांघरूण हातात घेऊन उभी होती, तेव्हा तिला इतकं सांगायलाही कोणी आलं नव्हतं.

"फेब्रुवारीत आणतील," एव्हलिना म्हणाली. "इथेच आणतात, दुसरीकडे नेत नाहीत. तोवर तू नीट राहा." आणि फाटक बंद होईपर्यंत ती तिथे बसून राहिली.